पद्मिनीचं पुढचं सस्पेन्शन घरी उघडताना

घरात प्रीमियर पद्मिनी गाडी असली की कधी ना कधी शेजारचे काका म्हणतातच, "पुढून वाजतेय रे गाडी." आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतात. स्पीडब्रेकरवर खट, खड्ड्यात धडाम, साठच्या वर गेलं की स्टिअरिंगला थरथर. गॅरेजवाला दर वेळी कुठला तरी एक नट आवळून देतो, आठवडाभर शांतता असते आणि मग पुन्हा तेच. अशा वेळी पुढचं सस्पेन्शन एकदा पूर्ण उघडून, झिजलेलं सगळं बदलून नीट बसवणं हाच खरा इलाज. ते घरी होतं. मी नाशिकला घराच्या पोर्चमध्ये केलं, दोन रविवार धरले होते, सहा लागले.

सुरुवात करणाऱ्यांनी दोन नियम पाळावेत. मोजल्याशिवाय काही उघडायचं नाही. आणि एका वेळी एकच बाजू उघडायची, दुसरी जशीच्या तशी ठेवायची. तिसऱ्या रविवारी हातात एक वॉशर घेऊन "हा कुठला?" असं विचारायची वेळ येते, तेव्हा न उघडलेली बाजूच उत्तर देते. फोटो काढाच, पण फोटोत वॉशरची जाडी दिसत नाही.

आत काय असतं

पद्मिनी म्हणजे मुळात फिएट ११०० डी. प्रीमियरने ती कुर्ल्याला बनवली आणि नावं बदलत बदलत ती नव्वदीच्या दशकापर्यंत चालली. पुढे प्रत्येक चाकाला वरचा आणि खालचा असे दोन हात (म्हणजे चाक धरणारे लोखंडी आर्म), कॉइल स्प्रिंग, शॉकअप, आणि दोन्ही बाजूंना जोडणारा अँटी-रोल बार. चाक डावी-उजवीकडे वळतं ते किंग पिनवर. नव्या गाड्यांत जिथे बॉल जॉइंट असतो तिथे इथे पिन आणि ती ज्यात फिरते त्या नळ्या, म्हणजे बुश, आहेत, आणि ते ग्रीसवर जगतात. ग्रीस गन महिनोन् महिने लागली नाही की पिन कोरडी पडते, मग बुश खाते, मग खट आवाज. निम्म्या पद्मिनींची कहाणी एवढीच.

ॲम्बेसेडरवाल्यांनी लक्षात घ्यावं, तुमच्याकडे पुढे स्प्रिंगच्या जागी पिळला जाणारा दांडा, म्हणजे टॉर्शन बार आहे. तपासणी, साफसफाई आणि जोडणीचं पुढचं बरंच तुम्हालाही लागू पडेल, पण स्प्रिंगचा भाग वेगळा. पानेही वेगळे. फिएटची वंशज म्हणून पद्मिनीला मेट्रिक पाने बसतात, ॲम्बेसेडरला इंची लागतात. चौदाच्या जागी नऊ-सोळांश थोडा सैल बसतो, आणि तसाच जोर लावला की नटाची कोपरं गेलीच म्हणून समजा.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधा

गाडी जॅकने उचलून स्टँडवर घ्या (कशी ते पुढे आहे). चाक वर-खाली धरा, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, आणि हलवून बघा. ढिलाई जाणवली तर घरातल्या कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ढिलाई नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये. तशीच राहिली तर किंग पिनमध्ये. ब्रेक दाबला की ड्रम आणि मागची प्लेट एक होतात, बेअरिंग हिशेबातून बाहेर जातं, म्हणून हे कळतं. आमच्याकडे ब्रेक दाबायला आई बसली होती. तिने विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "अजून सुरूच नाही झालं."

मग चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. इथली ढिलाई बहुधा स्टिअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या भागांची, म्हणजे टाय रॉड एंड, आयडलर आर्म किंवा स्टिअरिंग बॉक्सची. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक जोडावर बोट ठेवायचं. डोळ्यांना न दिसणारी ढिलाई बोटाला कळते.

गाडी खाली उतरवली की सपाट जागी उभी करून हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून वहीत लिहा. एक बाजू बसलेली असेल तर तिकडची स्प्रिंग थकलेली असू शकते. बंपरचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक, होडीसारखी डुलत राहिली तर संपले. शॉकअप नेहमी जोडीने बदलायचे. स्प्रिंगा मात्र सरळ असतील, तडा नसेल तर जुन्याच ठेवा. गाडी "खाली दिसावी" म्हणून स्प्रिंगचा वेढा कापणारे लोक आहेत. त्यांच्या गाडीत मी पुढे बसत नाही.

जागा, हंगाम, हत्यारं

नाशिकला हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करावं. जूनमध्ये उघडलंत तर पावसाळाभर गाडी तीन पायांवर उभी राहील आणि उघड्या पिनांवर गंज चढेल तो वेगळा. थंडीत ग्रीस घट्ट होतं आणि सकाळी लोखंड हाताला चावतं, पण ते परवडतं.

पोर्चमध्ये शहाबादी फरशी असेल तर जॅक थेट तिच्यावर ठेवू नका. फरशी एका कोपऱ्यातून फुटते आणि जॅक तिरका होतो. पेव्हर ब्लॉक खचतात. खाली दीड-दोन इंच जाडीची सागाची किंवा बाभळीची फळी टाका. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडी दोन मजबूत जॅक स्टँडवर उतरवायची, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावायचे आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवायचं. स्टँड निसटला तर गाडी चाकावर पडते, माणसावर नाही. विटांवर गाडी चढवू नका. वीट न सांगता फुटते. पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही, बॉडीच सगळं वजन पेलते, तेव्हा स्टँड लावायची जागा आधी स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर सस्पेन्शनआधी वेल्डिंगवाल्याला बोलवा.

हत्यारांत रिंग पान्यांचा चांगला सेट, बॉक्स पाने, टॉर्क पाना, दोन जड हातोडे, वायर ब्रश, व्हर्नियर, फट मोजायचं फेलर गेज, मोठा व्हाइस आणि ग्रीस गन हवी. स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने मिळाला तर बघा, पण आटे खाल्लेला असेल तर परत करा. गवंड्याकडचा ओळंबाही मागून ठेवा, तो शेवटी लागतो.

सुटे भाग आधी, पाना नंतर

मुंबईतून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला गेली आणि तिच्याबरोबर पद्मिनीच्या भागांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईकही गेलं. माल अजून मिळतो, पण दुकानात गेल्यावर काउंटरवर लगेच पुढे येत नाही, मागच्या फळीवरून धूळ झटकून येतो. नाशिकला द्वारका, वडाळा नाका भागातल्या जुन्या दुकानांत आधी विचारा. मग पुण्याची नाना पेठ, नाहीतर कुर्ल्याचा सीएसटी रोड. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून दादरला उतरायचं, लोकलने कुर्ल्याला जायचं आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत. माझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत येताना दोन किंग पिन किट होती आणि पोळीभाजीला ग्रीसचा वास लागला होता.

जुना भाग सोबत न्या. दुकानदार "हाच बसतो साहेब" म्हणाला तरी व्हर्नियर काढा आणि पिनचा व्यास मोजा. जुना भाग न झिजलेल्या टोकाकडे मोजायचा. रबरी बुश नखाने दाबून बघा. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर चकचकीत दिसतं, पण नख रुतत नाही. सगळं हातात येईपर्यंत गाडी उघडू नका, नाहीतर पोर्चमध्ये सांगाडा आणि तुम्ही रोज त्याला वळसा घालून ऑफिसला.

उघडणं

आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टवर डब्ल्यूडी-४० किंवा तसलंच गंज सोडवणारं तेल मारत राहा. हा आठवडा वाचवायला गेलात तर पुढचे दोन आठवडे तुटलेले बोल्ट काढण्यात जातात.

ड्रम काढला की आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. साबणाच्या पाण्याने ओलं करून फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. हबचा नट सोडवण्याआधी आटे कुठल्या दिशेचे आहेत ते टॉर्च लावून नीट बघा. काही गाड्यांत एका बाजूला उलटे आटे असतात, आणि "जाम आहे" म्हणून चुकीच्या दिशेला पाइप लावून ओढणारा मी पहिला नाही. ब्रेकची मागची प्लेट तारेने वर टांगा. ती होजवर लोंबकळत राहिली तर होज आतून फाटते आणि बाहेरून काही दिसत नाही.

टाय रॉड एंडचा नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. आता ज्या डोळ्यात तो बसलाय त्याच्या एका बाजूला एक जड हातोडा टेकवून धरा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्याने सणसणीत एकच फटका द्या. डोळा क्षणभर दबतो आणि निमुळता दांडा सुटतो. आट्यांवर ठोकून काहीच होत नाही, फक्त आटे जातात.

आता स्प्रिंग. गाडी अंगावर पडण्याइतकीच जीव घेऊ शकणारी गोष्ट ही, म्हणून इथे घाई नको आणि गप्पाही नकोत. गाडी स्टँडवर असतानाही स्प्रिंग दाबलेलीच असते. शॉकअप काढण्याआधी खालच्या हाताखाली जॅक लावून तो किंचित वर घ्या, कारण शॉकअप सुटला की हात खाली झेपावू शकतो. मग शॉकअप काढा. स्प्रिंगला समोरासमोर दोन कॉम्प्रेसर लावा, त्यांच्या आट्यांना ग्रीस लावा आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी असं केलं तर स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि हूक घसरतो. विजेवरची किंवा हवेची गन वापरू नका, हातानेच. स्प्रिंगमधून एक जाड साखळी ओवून ती बॉडीच्या मजबूत भागाला बांधून ठेवा. स्प्रिंग जागेवर सैल हलायला लागली की मगच खालच्या हाताची पिन काढा आणि जॅक हळूहळू उतरवा. तोंड स्प्रिंगच्या रेषेत कधीही नाही. लहान मुलं, कुत्री, चहा घेऊन येणारी माणसं, सगळी घरात. हे एकट्याने करू नका आणि कॉम्प्रेसर लावलेली स्प्रिंग रात्रभर पोर्चमध्ये पडू देऊ नका.

हातांच्या पिना आणि बॉडी यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम, निघाल्या तर त्या सोनं समजा. कुठल्या बोल्टखालून किती निघाल्या ते लिहा आणि त्याच बोल्टवर दोऱ्याने बांधून ठेवा. चाकाचा झुकाव त्यांच्यावर ठरतो.

धुणं आणि तडे शोधणं

भाग डिझेलमध्ये भिजवून वायर ब्रशने लख्ख करा. पाणी गोदावरीला जातं हे लक्षात ठेवून ते डिझेल गटारात ओतू नका, बाटलीत भरून ठेवा, दुसऱ्या बाजूच्या वेळी परत उपयोगी येतं.

लख्ख झाल्यावर तडे शोधायची जुनी युक्ती करा. रॉकेल लावून पाच-दहा मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने चांगलं पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल पूड ओली करतं आणि केसासारखी काळपट रेघ उमटते. हातांचे कोपरे, स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) मुळाशी, आणि बॉडीवर जिथे हात बसतात ती जागा, एवढं नक्की तपासा. स्टब ॲक्सलला रेघ दिसली तर तो भंगारात. वेल्डिंग करून चालवू नका, कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत प्लेटिंग करणारे भरपूर आहेत, त्यामुळे सगळे बोल्ट चमकवून आणायचा मोह होतो. डोक्यावर १०.९ किंवा त्याहून मोठा आकडा असलेले कडक बोल्ट साध्या झिंक प्लेटिंगला देऊ नका. त्या प्रक्रियेत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होतो. बाहेरून सुंदर, आतून बिस्कीट. संशय असेल तिथे त्याच ग्रेडचा नवा बोल्ट घ्या. हातांना रेड ऑक्साइड आणि वर काळा रंग पुरेसा आहे. जिथे बुश किंवा पिन बसणार तिथे रंग नको.

किंग पिन: इथे लेथवाल्याला हात जोडा

पिन अडवून धरणारी छोटी आडवी खुंटी आधी काढा. ती न काढता मोठ्या पिनवर घण घालणारे पुष्कळ. खुंटी निघाली की पिन प्रेसवर काढून घ्या. खूप जाम असेल तर भोवतीचा भाग थोडा गरम करून.

नवे बुश बसवणं आणि रिमर मारणं, म्हणजे त्यांचं भोक अचूक मापाला कापणं, घरी करू नका. दोन्ही बुश एका रेषेत कापले गेले पाहिजेत, त्यासाठी लांब, पुढे टेकू असलेला रिमर लागतो. वरचा वेगळा, खालचा वेगळा मारला तर पिन दोन्हीत स्वतंत्रपणे छान बसते आणि एकत्र अडकते. सातपूर-अंबडला हे काम जाणणारा जुना टर्नर शोधा. तो तरुणांना ओरडत असतो, त्यावरून सापडतो.

त्याला एक गोष्ट तोंडाने सांगा आणि कागदावरही लिहून द्या: बुशचं भोक ग्रीस निपलच्या, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाच्या, भोकासमोर आलंच पाहिजे. माझ्या पहिल्या बाजूला मी हे सांगितलं नाही. बुश सुंदर बसले, पिन रेशमासारखी फिरली, घरी येऊन ग्रीस गन लावली तर ग्रीस जाईना. भोक बुशने झाकलेलं. बुश परत ठोकून काढावे लागले, म्हणजे परत नवे. तेव्हापासून मी निपलमधून आधी तार घालून बघतो आणि मगच पैसे देतो.

पिन तेल लावून अंगठ्याच्या दाबाने सरकावी, पण डुगडुगू नये. बसवताना थ्रस्ट वॉशर किंवा बेअरिंग वजन पेलणाऱ्या बाजूलाच आलं पाहिजे. वरखालीची फट फेलर गेजने बघा आणि शिमने ती मॅन्युअलच्या आकड्यात आणा. मॅन्युअलची झेरॉक्स कुठल्या ना कुठल्या जुन्या फिएटवाल्याकडे असतेच.

रबरी बुश आणि सगळ्यात जास्त होणारी चूक

जुने बुश काढताना ते जाळू नका, आख्खी कॉलनी दारात येते. मधलं रबर ड्रिलने पोखरून काढा आणि बाहेरच्या लोखंडी नळीला हॅकसॉने आतून एक काप द्या. नळी आक्रसते आणि निघते. काप सस्पेन्शनच्या हाताच्या अंगात जाऊ देऊ नका. नवा बुश व्हाइसमध्ये दाबून बसवायचा. एकीकडे बुशच्या कडेएवढा बॉक्स पाना, दुसरीकडे पोकळ पाइपचा तुकडा. रबराला साबणाचं पाणी लावा. तेल-ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि सडतं.

आता ती चूक, जी मी स्वतः केली. गाडी स्टँडवर असते, चाकं लोंबत असतात आणि उत्साहाच्या भरात आपण बुशांचे नट पूर्ण आवळून टाकतो. बुशची आतली नळी त्याच अवस्थेत घट्ट होते. गाडी जमिनीवर उतरली की हात वर जातो, रबर पिळलं जातं आणि गाडी उभी असतानाही पिळलेलंच राहतं. माझे नवे बुश दोन महिन्यांत फाटले, आणि तोवर गाडी पुढून उंच, नाक वर करून चालत होती. नट हाताला लागतील एवढेच लावा. गाडी चारही चाकांवर उतरवा, पुढून धरून दोन-चारदा दाबा, थोडी पुढे-मागे ढकला, आणि मग खाली झोपून टॉर्क पान्याने आवळा.

जोडणी उघडण्याच्या उलट क्रमाने, तीच काळजी घेऊन. स्प्रिंगचं टोक तिच्या बैठकीतल्या खाचेत बसलंय ना ते बोटाने चाचपा. स्प्लिट पिना सगळ्या नव्या, दोन-पाच रुपयांसाठी जुन्या सरळ करून घालू नका. बेअरिंग टेपर रोलरची असतील तर चाक फिरवत नट आवळा, मग सोडा आणि मॅन्युअलप्रमाणे अगदी किंचित मोकळीक ठेवा. ग्रीस गन चाकं हवेत असतानाच मारा, म्हणजे वजन नसलेल्या बाजूलाही ग्रीस पोचतं. बुशच्या कडेने जुनं काळं ग्रीस येऊन नंतर नवं दिसेपर्यंत. बाहेर आलेलं पुसून टाका, नाहीतर त्र्यंबक रोडची धूळ त्याचा पॉलिश पेपर बनवते.

दुसरी बाजू अर्ध्या वेळात होते.

सूत, ओळंबा आणि पहिली फेरी

अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी न्यायची तरी चाकं साधारण सरळ हवीत. सपाट जागी दोन्ही टायरवर पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर, मध्यभागी खडूने खूण करा. ओळंब्याने दोन्ही खुणा जमिनीवर उतरवा आणि अंतर मोजा. गाडी ढकलून चाक अर्धं फिरवा, म्हणजे त्याच खुणा मागे येतील, आणि परत उतरवून मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे टो, चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळली आहेत ते. मॅन्युअलच्या आकड्याजवळ आणून टाय रॉडचे चेकनट आवळा. ओळंबा चाकाच्या शेजारी वरून सोडला तर रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासूनच्या अंतरातून चाकाचा झुकावही कळतो. दोन्ही बाजूंमध्ये मोठी तफावत असेल तर एखादा शिम चुकीच्या जागी गेला आहे. नंतर मशीनवर न्याच, पण आकडे कागदावर लिहून सोबत न्या. मशीनच्या यादीत पद्मिनी नसली तर तिथला मुलगा दुसऱ्याच गाडीचे आकडे लावून मोकळा होतो.

पहिली फेरी सकाळी सहाला, गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत, चाळीसच्या आत. ब्रेकचा पाइप कुठे उघडला असेल तर हवा काढल्याशिवाय गेटबाहेर नाही. मोकळ्या जागी हळू ब्रेक मारून गाडी एकीकडे ओढते का ते बघा. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत यायला हवं. आलं नाही तर किंग पिन जड बसली आहे किंवा तिचा मागे कलणारा कोन, म्हणजे कास्टर, चुकलाय. घरी आल्यावर हबला हात लावून बघा, एक बाजू जास्त गरम लागली तर बेअरिंग जास्त आवळलंय. पन्नास किलोमीटरनंतर प्रत्येक नट पुन्हा टॉर्क पान्याने बघा. कसारा घाट त्यानंतर.

मी दर हजार किलोमीटरला ग्रीस मारतो आणि तारीख डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहितो. हब ते मडगार्डची मापंही त्याच वहीत आहेत, उघडण्याआधीची आणि नंतरची. उजवी बाजू बारा मिलिमीटरने वर आली आहे. शेजारच्या काकांना दाखवलं, तर म्हणाले, "आता मागून वाजतेय."